आनेझिनचं लिंडन

ओताकारकाकांनी भिंतीवरच्या नकाशाला नाक लावून तो पुन्हा एकदा वाचला आणि सगळ्या व्यायामशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "यावोर्निकच्या शेजारी आनेझिन? हा उद्योग कुणाचा?"

लिदा कोपऱ्यातल्या लांब टेबलावर फ्रगाल मांडत होती. ताटाहून मोठ्या, पातळ, गोल पोळ्या. कुठे वर खसखस, कुठे गोड चक्का, आणि सगळ्यांत जास्त वाळवलेल्या नासपतीचं काळसर सारण. हात पुसून ती म्हणाली, "माझा."

तिचा आवाज पहिल्या खेपेला कुणाच्याच कानापर्यंत पोचत नसे. ओताकारकाकांनी कानामागे हात धरला.

"माझा, काका. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं ना. तुम्हीच म्हणालात, लिदा, कागदाचे तुकडे काप आणि यंदाची लाइन तू जुळव."

"जुळव म्हटलं होतं! त्या दोघा भावांना मी तीन वर्षं हॉलच्या दोन टोकांना ठेवतोय. मधे सगळा मोराविया प्रांत घालतोय. आणि तू त्यांच्यामध्ये फक्त माझा बोगदा ठेवलास?"

"पलीकडच्या जिल्ह्यातले लोक येणार नाहीत म्हणाले. त्यांचं वळण नाही म्हटल्यावर लाइन खिडकीपाशी सरळ जाते. सरळ गेली की यावोर्निक बोगद्याला लागतं आणि बोगदा आनेझिनला. भूमितीपुढे मी काय करणार?"

ओताकारकाका तिच्याकडे बघत राहिले. लिदा खाली मान घालून खसखशीच्या फ्रगालाचे तुकडे करू लागली. कागदाचे तुकडे तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर सात वेळा जुळवले होते, आणि त्यांतल्या सहा जुळण्यांत दोन्ही भाऊ एकमेकांपासून लांब पडत होते, हे तिनं काकांना सांगितलं नाही. फादरना मात्र कबुलीच्या वेळी सांगितलं होतं. जाळीपलीकडून फादर बराच वेळ खोकले आणि तिचं पूर्ण नाव घेत म्हणाले, "लुद्मिला, ही कबुली आहे की बढाई?"

संत मार्टिनच्या सणाच्या आसपास दर वर्षी हा मेळा भरायचा. ज्याच्या त्याच्या घरी, माळ्यावर, तळघरात, पलंगाखाली वर्षभर एकेक तुकडा तयार व्हायचा: कुणाचं शेत, कुणाचा पूल, कुणाचं सबंध स्टेशन. सगळ्यांच्या कडा एकाच मापाच्या. मेळ्याला ते तुकडे पायांवर उभे करायचे, बोल्टनं जोडायचे, आणि मग व्यायामशाळेत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छातीच्या उंचीवर एक लांबलचक रेल्वे उभी राहायची. बोटाएवढी इंजिनं, काडेपेटीएवढे डबे. पण नियम मात्र खऱ्या रेल्वेचे. प्रत्येक स्टेशनाला मास्तर, प्रत्येक मास्तराच्या हाताशी जुना काळा फोन. शेजारच्या मास्तरानं "घेतो" म्हटल्याशिवाय गाडी सोडायची नाही, मग ती कितीही चिमुकली असो.

आणि म्हणूनच लिदानं ही जुळणी केली होती. रादिम आणि हिनेक, आनेझिन आणि यावोर्निकचे ते दोघे भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते. पण शेजारी स्टेशनं आली म्हणजे बोलावंच लागणार.

"तुला माहीत होतं?" रादिम मागून येऊन तिच्या कानाशी पुटपुटला. नोव्हेंबर असो नाही तर जानेवारी, तिचा नवरा अर्ध्या बाह्यांच्या शर्टातच असायचा. बस चालवतानाही खिडकी उघडी. आता त्या उघड्या दंडांवर राग चढलेला दिसत होता.

"काय?"

"की मला दिवसभर त्याच्याशी फोनवर बोलावं लागणार."

"फोन तर बाबा घेतात."

"बाबा म्हणतात त्यांना ऐकू येत नाही. आजपासून. काल रात्रीपर्यंत शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता त्यांना!"

लिदानं आनेझिनकडे पाहिलं. सासरे मेतोद्येय आपल्या स्टेशनाच्या मागे खुर्चीत ताठ बसले होते. आयुष्यभर खऱ्या रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते, आणि खेळातल्या सांध्यांपाशीही ते तसेच बसायचे. अंगात आनेश्कानं, म्हणजे सासूबाईंनी, विणलेला निळा स्वेटर. त्याच्या बाह्या सैल होऊन बोटांवर यायच्या. लिदानं किती वेळा म्हटलं, द्या बाबा, कड आवळून देते. ते द्यायचे नाहीत. तिनं विणलंय तसंच राहू दे, एवढंच म्हणायचे. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघून एक डोळा किंचित मिटला आणि पुन्हा बहिऱ्यासारखा चेहरा केला.

म्हणजे या भूमितीत ती एकटी नव्हती, हे लिदाला कळलं. तिला जरा बरं वाटलं.

*

आनेझिन हे नाव अर्थातच आनेश्कावरून. पिवळ्या भिंतींचं स्टेशन, मालाचा धक्का, पाण्याचा नळ, आणि फलाटाच्या टोकाशी एक भोक. काडी जाईल एवढंसं. त्या भोकात सासूबाईंनी केलेलं लिंडनचं झाड उभं असायचं. तांब्याच्या तारेला पीळ घालून खोड, वाळलेल्या रानफुलांच्या देठांच्या फांद्या, आणि पानं म्हणजे हिरव्या रंगात उकळलेला लाकडाचा भुसा. तो भुसा त्यांनी रविवारच्या जेवणातले पिठाचे गोळे शिजवायच्या पातेल्यात उकळला होता, आणि त्यानंतर दोन महिने घरातले गोळे जरा हिरवटच निघत होते. झाड चांगलं वितभर उंच होतं आणि थोडं डावीकडे झुकलेलं. सासूबाई गेल्या, त्याच्या पुढच्या वसंतात हिनेक बाबांना स्टेशन दुरुस्त करायला मदत करत होता. त्या आठवड्यात झाड गेलं. "जुनं झालं होतं, भुसा गळत होता, मी काढून टाकलं," हिनेक म्हणाला होता. रादिमनं विचारलं, "काढून टाकलं म्हणजे?" हिनेकनं खांदे उडवले होते.

त्या खांदे उडवण्यावर तीन वर्षं गेली होती. ख्रिसमसचं जेवण दोन वेगळ्या घरी. थडग्यावर फुलं दोन वेगळ्या वेळी. बाबांनी दोघांना काही म्हणजे काही म्हटलं नाही. ते फक्त कधी कधी बोटानं ते भोक चाचपायचे. रादिमनं तिथे दुसरं झाड लावायला नकार दिला होता.

आणि लिदानं होस्तिनच्या तीर्थाच्या टेकडीवर मारियामातेपुढे गुडघे टेकून नवस केला होता: हे दोघे भाऊ भावांसारखे बोलेपर्यंत मी गोड तोंडात घालणार नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, फार तर ईस्टरपर्यंत. आता पंचक्रोशीत तिच्यासारखा फ्रगाल कुणाला जमत नाही असं लोक म्हणायचे, आणि आपल्या फ्रगालाची चव कशी असते हे ती स्वतः विसरत चालली होती.

*

पहिली गाडी आनेझिनहून यावोर्निकला जायची होती. रादिमनं फोनचा दांडा फिरवला. आजूबाजूच्या चारपाच जणांची बोलणी एकदम थांबली. फोन इतका जुना की पलीकडचा आवाज टेबलाभर ऐकू यायचा.

"आनेझिन," रादिम भिंतीकडे बघत म्हणाला. "पॅसेंजर. घेता का?"

बोगद्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, हिनेकचं टक्कल दिसत होतं. त्याचीही पाठ इकडेच.

"यावोर्निक. घेतो."

"सुटली."

"समजलं."

फोन ठेवला गेला. छोटी हिरवी गाडी बोगद्यात शिरली आणि दुसरीकडून बाहेर पडली. कुणीतरी हळूच टाळ्या वाजवल्या. ओताकारकाकांनी त्याला गप्प केलं.

"झालं!" शार्का लिदाच्या कोपराला कोपर मारत म्हणाली. ही हिनेकची बायको. दोघी जावा नवऱ्यांच्या भांडणात कधी पडल्या नाहीत. मेळ्याच्या स्वयंपाकघरात त्यांची जोडी ठरलेली होती. "बोलले. घे, खा." तिनं नासपतीचा तुकडा लिदाच्या तोंडासमोर धरला.

लिदानं वास घेतला आणि मान मागे घेतली. "ते रेल्वे बोलली गं. भाऊ नाही बोलले."

"देवाला एवढा फरक कळतो?"

"देवाला कळतो. मारियेला तर जास्तच कळतो, ती आई आहे."

"घरी माझ्याशीसुद्धा तो एवढंच बोलतो," शार्का तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकत म्हणाली. "घेतो, समजलं. मग मीही एक स्टेशनच म्हणायची का?"

लिदा हसली. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात बारा वाजले. खेळातला वेळ खऱ्यापेक्षा भरभर पळायचा, म्हणजे गाड्यांचं वेळापत्रक उरकता यावं; जेवणाच्या आत तिथे तीनदा बारा वाजायचे. लिदा त्या घड्याळावर कधी दुपारची प्रार्थना म्हणायची नाही. ती चर्चच्या घंटेची वाट बघायची.

घंटा झाली तेव्हा तिनं एप्रन सोडला, दाराशी उभी राहून प्रार्थना म्हटली, आणि मग ताटलीत दोन तुकडे घेऊन यावोर्निककडे निघाली. दिराला आपण होऊन खायला नेऊन देणं यात कुणाची बाजू घेतल्यासारखं होत नाही, असं तिनं स्वतःला पटवलं होतं.

*

हिनेक लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि त्याचं स्टेशनही तसंच होतं, सगळं जिथल्या तिथे, तेलपाणी केलेलं. रादिमनं ते कधीच जवळून पाहिलं नव्हतं. लिदानंही फक्त समोरून.

"ये लिदा. नासपतीचा आहे?" हिनेकनं ताटली घेतली. "देव तुझं भलं करो. बस ना. अगं, त्या बाजूनं नको, तिथे वायर..."

पण ती गेलीच होती. धान्याच्या कोठाराच्या मागच्या बाजूला, जिथे बघणारा माणूस कधी जात नाही, तिथे एक झाड उभं होतं. वितभर उंच. थोडं डावीकडे झुकलेलं.

लिदा वाकली. खोडाला मध्यावर बारीक तपकिरी दोरा गुंडाळलेला होता, फार निगुतीनं, मोडलेल्या हाडाला पट्टी बांधावी तसा.

"तू टाकलं नव्हतंस," ती म्हणाली.

हिनेकनं तोंडातला घास गिळला. "हळू बोल."

"मी हळूच बोलते."

"हो, ते खरं." तो कसनुसा हसला. "मोडलं होतं. मी नेलं, जोडलं. तेवढंच."

"मग सांगितलं का नाहीस? तीन वर्षं, हिनेक! तो तुझं नाव निघालं की उठून जातो. 'मोडलं होतं, जोडलं,' एवढं सांगायचं होतं."

"मग त्यानं पुढचं विचारलं असतं."

"काय पुढचं?"

हिनेकनं बोगद्यावरून पलीकडे पाहिलं. आनेझिनच्या मागे त्याचे वडील खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर, एकात एक घट्ट अडकवलेले. लिदानंही पाहिलं. त्याच घरात राहून, रोज त्यांच्यापुढे कॉफीचा कप ठेवून, कप बशीवर का किणकिणतो याचा तिनं इतके दिवस नीट विचारच केला नव्हता.

"मी काढून टाकलं म्हणून सांगितलंय ना," हिनेक म्हणाला. "तेच राहू दे. त्यांना अजून सांधे ओढायचेत."

*

जेवणानंतर ते घडलं.

स्लोवाकियातून आलेले गायदोश नावाचे गृहस्थ आपलं नवं इंजिन घेऊन आनेझिनात शिरत होते. काळं, लाल चाकांचं, स्वतःच्या हातानं बनवलेलं. ते चालवताना ते शेजारून असे चालत होते की जणू पहिल्यांदा सायकल शिकणाऱ्या पोरीच्या मागे धावतायत. लिदा कॉफीचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. सासऱ्यांनी सांधा ओढायला हात पुढे केला. हात थरथरला. सैल बाही सिग्नलच्या खांबात अडकली, हात मागे आला, सिग्नल मुळापासून उपटला आणि त्यानं इंजिनाला कडेनं ढकललं. इंजिन फलाटावर आडवं झालं.

"येझिश मारिया!" गायदोश ओरडले.

सगळा हॉल वळला. ओताकारकाका दोन तुकड्यांखालून वाकत, घाईघाईनं आले. "कोण? कुणी केलं?"

सासऱ्यांनी हात पोटाशी घेतला होता. सिग्नलचा लाल हात, नखाएवढा, निळ्या लोकरीत अडकून लोंबत होता. त्यांचा चेहरा लिदानं कधी पाहिला नव्हता इतका लहान झाला होता. ऐंशी ओलांडलेला माणूस, आणि शाळेत काच फोडलेल्या पोरासारखा.

रादिमनं तो लाल तुकडा पाहिला. मग त्यानं फलाटाच्या टोकाकडे, त्या भोकाकडे पाहिलं. भोक सांध्याच्या दांड्यापासून बाहीभर अंतरावर होतं.

*मारिये,* लिदानं मनात म्हटलं, *आता याचं तोंड तूच सांभाळ.*

"मी," रादिम म्हणाला. "माझं कोपर लागलं."

"तुझं?" ओताकारकाका म्हणाले.

"बाही अडकली."

सगळ्यांनी रादिमच्या उघड्या दंडांकडे पाहिलं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट कोपराच्या चांगला वीतभर वर संपत होता. गायदोश इंजिन उचलून चाकं तपासत होते. त्यांनीही वर पाहिलं आणि ते म्हणाले, "चाकं शाबूत आहेत हो. होतं असं. बाह्यांचा काही नेम नसतो."

"नसतो," ओताकारकाका म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "पुढच्या वेळी बाह्या वर कर, रादिम."

रादिम वडिलांच्या शेजारी बसला. आपल्या आडदांड अंगानं त्यानं त्यांना लोकांच्या नजरेआड केलं, मग हळूच लोकरीतून तो लाल तुकडा सोडवून खिशात टाकला. सासऱ्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो कापत होता, आणि आता ते लपवत नव्हते.

फोन वाजला.

"यावोर्निक. गाडी कुठे अडकली?"

"आनेझिन. उशीर आहे."

"कारण?" विचारायचा नियमच होता.

रादिमनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "कोपर."

"कुणाचं?"

"माझं."

बोगद्यापलीकडे हिनेक उभा राहिला होता आणि भावाच्या उघड्या दंडांकडे टक लावून बघत होता.

"समजलं," अखेर आवाज आला. "मलाही लागलं होतं तसंच. एकदा."

"हो," रादिम म्हणाला. "आत्ताच कळलं मला."

फोन ठेवला गेला. शार्का धावत लिदापाशी आली. "आता तरी?"

लिदाच्या डोळ्यांत पाणी होतं. टेबलावर नासपतीचे जेमतेम चार तुकडे उरले होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि खूप कष्टानं मान हलवली. "गाडीच्या उशिराबद्दलच बोलले ना गं ते."

"तू संत होणार आहेस," शार्का वैतागून म्हणाली. "उपाशी संत."

*

मेळ्याची शेवटची गाडी म्हणजे संत मार्टिनची खास. ती हॉलच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची, कुठेही न थांबता, आणि सगळे मास्तर आपापल्या स्टेशनात उभे राहून तिला सलाम करायचे. आनेश्का होत्या तेव्हा त्या गाडीवर त्यांनी केलेला, मार्टिनच्या सणाचा मेणाचा हंस असायचा. यंदा टोकाला यावोर्निक होतं, म्हणून गाडी सोडायची पाळी त्याची होती.

तिथे काहीतरी चाललं होतं. हिनेक बराच वेळ पाठ करून बसला होता, शार्का हातात दोरा धरून उभी होती, आणि ओताकारकाका चष्मा वरखाली करत म्हणत होते, "असं नाही बाबा चालत. नियमात बसत नाही."

"मग नियमानं विचारतो," हिनेक म्हणाला, आणि त्यानं फोन उचलला.

आनेझिनात घंटा वाजली. हॉल शांत होत गेला. लोक कॉफीचे कप हातात धरून जवळ आले.

"आनेझिन," रादिम म्हणाला.

"यावोर्निक. संत मार्टिनची खास. मापाबाहेरचा माल आहे. घेता का?"

खऱ्या रेल्वेत मोठी यंत्रं, पुलाचे सांगाडे असे नेतात. पुढच्या स्टेशननं लांबीरुंदी विचारून मगच हो म्हणायचं. सासऱ्यांनी खुर्चीतून मान वर केली. त्यांचे कान एकाएकी बरे झाले होते.

"काय माल?" रादिमनं विचारलं.

"झाड."

"कसलं झाड?"

"लिंडन. एक. दुरुस्त केलेलं. थोडं डावीकडे झुकतं."

रादिमच्या हातातला फोन खाली आला, पुन्हा वर गेला. बोगद्याच्या पलीकडे सपाट डब्यावर, चारी बाजूंनी दोऱ्यांनी बांधलेलं, ते झाड उभं होतं. आता सगळ्यांनाच दिसत होतं.

"उंची?" रादिमनं विचारलं.

"वितभर."

"मधे बोगदा आहे."

"माहीत आहे."

"नाही बसणार."

"माहीत आहे मला, रादिम."

"आडवं ठेवा की रे!" कुणीतरी मागून सुचवलं.

"आडवं नेतात ते लाकूड," म्हातारा खुर्चीतून कडाडला. "हे झाड आहे!"

हॉल हसला. रादिमही हसला, त्याचं हसू आणि हुंदका एकाच वेळी निघाला, आणि तो फोनमधूनही गेला असणार, कारण तिकडे हिनेकनं बाहीनं नाक पुसलं.

"सोड गाडी," रादिम म्हणाला. "बोगद्याअलीकडे थांबव. मी येतो. ऐकलंस का, हिनेक? तू हात लावू नकोस, तू गाठी फार घट्ट मारतोस. मी येतोय."

आणि आपलं स्टेशन मास्तरानं कधी सोडायचं नाही, हा पहिला नियम मोडून तो उठला.

गाडी निघाली, झाड डुलत निघालं, आणि बोगद्याच्या तोंडाशी थांबली. इकडून रादिम पोचला, तिकडून हिनेक. दोघे झाडावर वाकले. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, एकदा रादिम म्हणाला, "अरे, ही गाठ आहे की शिक्षा?" आणि हिनेक म्हणाला, "लिफ्टवाल्यानं बांधलंय, पडणार नाही," आणि मग दोघेही बोलतच राहिले, एकाच वेळी, एकमेकांचं न ऐकता, लहानपणी बोलत असतील तसे. झाड दोघांनी मिळून धरून आनेझिनपर्यंत आणलं. एवढंसं झाड, त्याला चार हात कशाला लागत होते कुणास ठाऊक.

सासरे म्हणाले, "द्या इकडे." झाड त्यांच्या बोटांत थरथरलं. मुलांनी दोन्ही बाजूंनी त्यांची मनगटं धरली, आणि खोड भोकात बसलं.

"सरळ झालंय," म्हातारा म्हणाला. "डावीकडे वळवा. तिनं केलं होतं तसं."

लिदा हे सगळं टेबलापाशी उभी राहून बघत होती, हात छातीशी जोडून. ती मारियेचे आभार मानत होती, आणि अर्ध्या वाटेत तिला दिसलं की ओताकारकाका डोळे पुसत पुसत टेबलाकडे आले आहेत आणि त्यांचा हात नासपतीच्या फ्रगालाकडे चालला आहे. शेवटच्या तुकड्याकडे.

"ठेवा ते खाली!"

आवाज व्यायामशाळेच्या छताला लागून परत आला. सगळे वळले. रादिमसुद्धा वळला, इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज त्यानं ऐकला नव्हता. ओताकारकाकांनी तुकडा असा ठेवला जणू तो पेटला होता.

"माझा आहे," लिदा पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, आणि लाल झाली. तिनं छातीवर क्रूस काढला, तुकडा उचलला आणि डोळे मिटून खाल्ला. नासपती, बडीशेप, थोडी दालचिनी. दालचिनी जरा कमीच पडली होती. इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?

तेवढ्यात आनेझिनचा फोन खणखणला. तिथे कुणीच नव्हतं. तिघे बापलेक फलाटाच्या टोकाशी झाडाचा कल बघण्यात बुडाले होते. गाडी मात्र बोगद्याच्या तोंडाशी रिकामी उभी होती, आणि नियम म्हणजे नियम. लिदानं हाताला लागलेलं सारण एप्रनला पुसलं आणि फोन उचलला.

"यावोर्निक बोलतेय," शार्काचा आवाज आला, हसू दाबलेला. "मास्तर पळून गेलेत. माल उतरवलाय. संत मार्टिनची खास, आता मापातली. घेता का?"

लिदाला उत्तर देता येईना. तोंड भरलेलं होतं.

"आनेझिन? लिदा? तू काही खातेस का?"

तिनं घास सावकाश चावून गिळला. घाई करायचं आता काही कारण नव्हतं.

"घेते," ती म्हणाली. "पाठव."